कडेची रेषा

खंडीय कवच कुठे संपतं आणि महासागरी कुठे सुरू होतं, ती रेषा आता गुरुत्वाच्या मोजणीवरून संगणकच काढून देतो. सेस्मिक छेदांवर रंगीत पेन्सिल फिरवणारे आम्ही उगाच कुरकुरतो असं वाटेल. थोडा मत्सर आहेही. पण बॅरेंट्स समुद्राच्या पश्चिम कडेवर ती सुबक रेषा मला पटत नाही. सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलंड युरेशियापासून सुटू लागलं, तेव्हा सेन्या भ्रंशपट्ट्यात दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकल्या; व्हेस्टबाक्केनपाशी कड वळते, तिथे मात्र कवच ताणून फाटलं आणि लाव्हा वर आला. घासलेल्या भागात जाड कवच थोडक्या अंतरात संपतं, म्हणून तिथली रेषा बारीक हवी, हे मान्य. पण कड धारदार आहे, एवढ्यावरून तिची जागा कळते असं नाही.

ताणलेल्या कडेला समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे बहुधा समांतर असतात. त्यातला सगळ्यात जुना सापडला की समुद्राकडून एक मर्यादा मिळते. घासलेल्या कडेवर ते तिरपे येऊन तुटतात, आणि कडेकडेने जाताना शेजारच्या समुद्रतळाचं वय बदलत जातं. भरीस भर म्हणून हिमयुगांतल्या हिमनद्यांनी ब्यर्नोया बेटाजवळ पंख्यासारख्या पसरलेल्या ढिगात गाळाचे कित्येक किलोमीटर थर ओतले. वरचा हा गाळ आणि खालचं पातळ होणारं कवच, दोघांचाही परिणाम गुरुत्वाच्या एकाच आलेखात उमटतो. कुणाचा किती, हे आलेख स्वतः सांगत नाही. आधी गाळाची घनता गृहीत धरावी लागते, आणि नकाशा छापताना नेमका तोच आकडा गळतो.

यावर भूपट्ट-पुनर्रचनावाले म्हणतात, ग्रीनलंड परत जागेवर सरकवा, फट मिटेल तिथे कड. युक्तिवाद देखणा आहे, दक्षिणेत, सेन्यापाशी, बऱ्यापैकी चालतोही. उत्तरेत, हॉर्नसुंड भ्रंशपट्ट्याशी, तो अडतो. इओसीन काळात तिथे नुसतं घासणं नव्हतं, दाबही होता. पश्चिम स्पिट्सबर्गेनच्या डोंगरांतल्या घड्या त्याची साक्ष देतात. पुढे सुमारे ३.३ कोटी वर्षांपूर्वी लॅब्राडोर समुद्राचं प्रसरण थांबलं, ग्रीनलंड उत्तर अमेरिकेसोबत जाऊ लागलं, आणि हीच दाबलेली कड तिरपी ताणली गेली. तेव्हा फट मिटवायची ती कुठल्या काळातली? घड्यांत आखडलेलं आणि नंतर ताणलेलं कवच आधी मूळ रुंदीला न्यावं लागतं, आणि ती रुंदी ठरवायला पुन्हा कड कुठे ते माहीत हवं. हा फेरा गणिताच्या वेगाने तुटत नाही.

म्हणून सेन्यापाशी मी एकच रेषा ओढेन, गाळाच्या घनतेचा आकडा शेजारी लिहून. हॉर्नसुंडला मात्र पट्टाच दाखवेन, समुद्राकडची बाजू तुटक. असा नकाशा दिसायला गबाळा होतो, आणि बारीक रेषेच्या कौतुकावर पोसलेल्या माझ्या हाताला ते अजून सलतं.