आमचें मुंडण

विषमज्वरांतून उठलेल्या माणसाचे केस गळतात, ही गोष्ट आमच्या लहानपणीं घरोघर ठाऊक होती. ताप उतरून दोन-तीन महिने लोटले, तोंडास चव आली, अंगावर मूठभर मांस चढलें, कीं एके दिवशीं फणीला केसांचा पुंजका येई, आणि घरांतलें एखादें वडील माणूस म्हणे, "जिवावरचें केसांवर निभावलें." या बोलण्यांत शास्त्र नसलें तरी हिशेब होता. जीव वांचला, त्याचें मोल म्हणून केस गेले, आणि सौदा स्वस्तांत पटला, असा तो हिशेब. करोनाच्या सांथीनंतर, २०२० व २०२१ सालीं, तोच हिशेब पुन्हां कित्येक घरांतून ऐकूं आला. आम्हींहि तो पुष्कळांस मोठ्या शहाणपणानें ऐकविला आहे. तो आपणांस कोणीं ऐकविला असतां कसा लागतो, हें मात्र तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

२०२४ च्या श्रावणांत आमच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि गणपति बोळविल्यावर शिरेंतून औषध घेण्यास आरंभ झाला. तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानें आठ वेळां पुण्यास जावयाचें व सातारच्या घरीं परत येऊन पडावयाचें, असा क्रम ठरला. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनीं रक्ताविषयीं, हृदयाविषयीं, तापाविषयीं पाऊण तास समजावून सांगितलें आणि उठतां उठतां म्हणाले, "केस जातील. पण ते परत येतात." एवढें सांगून त्यांनीं पुढच्या रोग्यास आंत बोलाविलें. त्यांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास जीव राखावयाचा आहे त्यानें केसांचें सुतक किती धरावें? परंतु परततांना गाडी खंबाटकीचा घाट चढूं लागली, तोंपर्यंत त्या पाऊण तासांतलें दुसरें कांहींहि आमच्या मनांत उरलें नव्हतें.

मागाहून आम्हीं या विषयाचें थोडें वाचन केलें. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात, आणि कोणत्याहि घटकेस त्यांतले दहांपैकीं नऊ वाढत असतात. मोठा ताप आला म्हणजे त्यांतले पुष्कळसे एकदम विसाव्यास जातात, आणि दोन-तीन महिन्यांनीं गळून पडतात. म्हणून विषमज्वराचा रोगी बरा झाल्यावर विरळ होतो. आमच्या औषधाची रीत निराळी. जी पेशी भराभर वाढते तिच्यावर तें तुटून पडतें. ती पेशी रोगाची आहे कीं केसाच्या मुळाशीं बसलेली निरपराधी आहे, हें त्यास ओळखतां येत नाहीं. त्यामुळें दोन-तीन आठवड्यांतच निकाल लागतो. औषध चालू असतां डोकें गार ठेवणारी एक टोपी असते. गारठ्यानें कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, व मुळांपर्यंत औषध कमी पोंचतें. अमेरिकेंत अशा एका यंत्रास २०१५ सालीं सरकारी मान्यता मिळाली. आम्ही जात होतों तेथें ती सोय नव्हती, आणि असती तरी तिनें सर्वांचेच केस राहतात असें नाहीं.

अठराव्या दिवशीं सकाळीं उशीवर केस दिसले. दुसऱ्या दिवशीं ते न्हाणीच्या मोरींत अडकले, तिसऱ्या दिवशीं भातांत निघाले. केस गळतांना दुखत नाहीं, असा आमचा समज होता. परंतु मुळें सैल होऊं लागलीं तेव्हां डोक्याची कातडी अशी हुळहुळली, कीं उशीवर मान टेकणें नको वाटे. कमरेपर्यंत नसले, तरी पाठीवर मोकळे सोडतां येतील इतके ते होते. ते असे मुठीमुठीनें जातांना पाहण्यापेक्षां आपणच एकदां काढून टाकावे, असें आमच्या मनानें घेतलें. मात्र तें नवरात्रांत घेतलें, ही आमची चूक.

"घट बसलेत, आणि घरांत सवाष्णीचं डोकं भादरायचं?" सासूबाई म्हणाल्या. याहून अधिक त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पायांत चपला घातल्या आणि देवळांत जाऊन बसल्या.

मुंडण हा शब्द पुरुषांच्या बाबतींत किती निरुपद्रवी आहे पहा. मुंजींत बटूचें मुंडण होतें तें कौतुकाचें. बापाच्या मागें मुलगा क्षौर करतो, तें कर्तव्याचें. तिरुपतीहून आलेला गृहस्थ डोकें मिरवीत हिंडतो. बाईच्या तासलेल्या डोक्यास मात्र आपल्याकडे, विशेषतः आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत, एकच अर्थ शेंकडों वर्षें चिकटून बसला, आणि तो अर्थ सांगावयास हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरींतली यमू उभी केली. ती चाल मोडून आतां पिढ्या लोटल्या. तथापि चाल मोडली म्हणून अर्थ मोडतोच असें नाहीं. तो डोळ्यांत राहतो. सासूबाईंच्या डोळ्यांत तो होता, आणि खोटें कशास बोलावें, आरशांत पाहतांना आमच्याहि डोळ्यांत होता.

आमच्या यजमानांचा नेहमींचा न्हावी सज्जन माणूस. त्यानें सर्व ऐकून घेतलें, यंत्रास तेल घातलें, तें फडक्यांत गुंडाळून यजमानांच्या हातीं दिलें आणि म्हणाला, "वहिनींना म्हणावं मशीन ठेवून घ्या, पैसे नकोत. पण माझा हात नाही लागायचा." १८९० सालीं मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी मंडळींनीं विधवांचें वपन करावयाचें नाहीं असा निश्चय करून संप केला होता. तो संप साताऱ्यांत अद्यापि चालू आहे, आणि सवाष्णींसहि लागू आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. हंसूं आलें, पण त्या माणसाविषयीं आदरहि वाटला.

अखेर मागल्या पडवींत वर्तमानपत्रें पसरून यजमानांनींच तें काम केलें. त्यांचा हात थरथरत होता व कानामागें एक लहानशी पट्टी राहून गेली, ती चार दिवसांनीं आपोआप गेली. काम उरकल्यावर त्यांनीं वर्तमानपत्राची पुरचुंडी केली. पण ती कोठें टाकावी हें त्यांस सुचेना. ती दोन दिवस कोनाड्यांत राहिली. शेवटीं कोणीं व कोठें टाकली, हें आम्हीं विचारलें नाहीं.

टोपाची हकीकत थोडक्यांत सांगतों. पुण्याहून एक चांगला, खऱ्या केसांचा टोप आणला. देवस्थानांतून भाविकांनीं वाहिलेल्या केसांचे लिलाव होतात, व त्यांतले लांब केस टोपांच्या धंद्यांत जातात, असें आम्हीं वाचलें होतें. त्यामुळें तो डोक्यावर चढविला कीं, हा कोणत्या बाईचा नवस असेल, तिचें मूल बरें झालें असेल कीं नाहीं, असले विचार येऊं लागत. शिवाय त्याखालीं घाम येई व खाज सुटे. तीन वेळां घालून तो पेटींत ठेवला. त्यापेक्षां डोईवरून घेतलेला पदर शतपटींनीं बरा. आमच्या आजीच्या पिढीनें जो पदर वडीलधाऱ्यांसमोर मर्यादा म्हणून घेतला, तो आम्हीं ऊन लागूं नये म्हणून घेतला. घरांत जुन्या धोतराच्या मऊ सुताची टोपी, रात्रीं तीच दुहेरी करून. कारण केस ही किती मोठी गोधडी आहे, हें ती गेल्यावर कार्तिकांतल्या पहांटे कळतें.

केस म्हणतांना मनुष्य डोक्याचेच केस धरून चालतो. मार्गशीर्षांत आमच्या भुवया गेल्या, मग पापण्या. भुवया कपाळावरचा घाम अडवितात, हें घाम डोळ्यांत उतरल्यावर समजलें. नाकांतलेहि केस गेले, तेव्हां सर्दी नसतां नाक वाहूं लागलें, व आम्ही रडत आहों अशा समजुतीनें भेटीस आलेली माणसें आमचें सांत्वन करूं लागलीं. आणि कुंकू! जन्मभर न पाहतां लावीत आलेलें कुंकू कोठें लावावें हें कळेना. भुवयांच्या मध्यें लावावें, तर भुवया नाहींत. कपाळाच्या खालच्या बाजूस लावावें, तर कपाळ कोठें संपतें हेंच ठरेना. काजळाच्या कांडीनें आधीं दोन भुवया काढावयाच्या व मग त्यांच्या आधारानें कुंकू, असा उलटा मार्ग आम्हीं शोधून काढला. एक भुवई नेहमीं किंचित् वर जाई, आणि आमची मुद्रा दिवसभर आश्चर्यचकित राही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवास जावें कीं न जावें, याचा विचार दोन दिवस केला आणि गेलों. यजमानीणबाईंनीं हळदकुंकू लावलें, तिळगूळ दिला, आणि शेवंतीचें फूल माळण्यासाठीं हात उचलला, तो तसाच राहिला. सगळी बैठक गप्प झाली. आम्हीं तें फूल घेऊन पदराला टांचलें. त्यांना उगीच अपराध्यासारखें वाटलें असावें. निघतांना त्यांनीं आमच्या ओटींत वाजवीपेक्षां पुष्कळच तिळगूळ घातला.

परंतु जें सांगण्याकरितां आम्हीं ही लेखणी हातीं घेतली, तें याच्या आधींचें, त्या दिवाळींतलें आहे. नवरात्रापासून सासूबाई आमच्याशीं नीट वागत, पथ्य संभाळीत, वेळेवर पेज देत; मात्र आमच्या डोक्याकडे त्यांनीं एकदांहि पाहिलें नव्हतें. बोलतांना त्यांची दृष्टि आमच्या हनुवटीवर असे. नरकचतुर्दशीस पहांटे पाट मांडला, भोंवतीं रांगोळी काढली, वाटींत तेल कोमट केलें. घरांतल्या सर्वांना दिवाळीचें तेल लावण्याचा मान त्यांचा. आम्ही टोपी घालूनच पाटावर बसलों. म्हटलें, पाठीला व हातांना लावतील, पुरे झालें.

त्यांनीं टोपी काढली व बाजूस ठेवली. कांहीं वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग तान्ह्या मुलाची भरतात तशी आमची टाळू त्यांनीं तेलानें भरली आणि तळहातानें हळूहळू तें जिरवूं लागल्या.

"आजीला माझ्या कधी कुणी दिवाळीचं तेल लावलं नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आजी सतराव्या वर्षीं विधवा झालेल्या. सासूबाईंनीं त्यांस पाहिलें तें आलवणांतच. दर पंधरवड्यास न्हावी मागल्या दारीं येई, व मुलांना त्या बाजूस जाण्यास बंदी असे. एका नरकचतुर्दशीस, सासूबाई पांच-सहा वर्षांच्या असतां, सगळ्यांना तेल लागलें आणि आजी तेवढी कोरडी, हें पाहून त्यांनीं वाटींत बोटें बुडविलीं आणि मागून जाऊन आजीच्या डोक्याला पुसलीं. आजी सोवळ्यांत होती.

"फार ओरडली मला. पुन्हा अंघोळ करावी लागली ना तिला. न्हाणीत गेली ती किती तरी वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी बसून होते." एवढें बोलून त्यांनीं वाटींतलें उरलेलें तेल आमच्या डोक्यावर घातलें, आणि "मान खाली कर ग, डोळ्यांत जाईल," म्हणाल्या.

त्यानंतर आठवड्यांतून दोनदां हा कार्यक्रम होऊं लागला. तेलानें केस लवकर येतात असें त्यांचें ठाम मत. औषध चालू असेपर्यंत तेल काय करणार, हें आम्हांस ठाऊक होतें. सांगितलें मात्र कधीं नाहीं.

माघांत औषधें संपलीं. चैत्रांत डोक्यावर हात फिरवितांना कसलीशी खसखस लागूं लागली, वैशाखांत ती दिसूं लागली. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतात; यंदाच्या आषाढांत आम्ही हें लिहीत आहों, तों ते बोटाच्या पेरापेक्षां किंचित् अधिक झाले आहेत. न्हाव्याचें यंत्र परत केलें, तेव्हां त्यानें यजमानांना खुर्चीवर बसवून आधीं आमची प्रकृति विचारली व मग कात्री उचलली. पुढल्या महिन्यांत पुन्हां तपासणी आहे, आणि तिची तारीख दिनदर्शिकेवर आम्हीं पेन्सिलीनेंच लिहिली आहे.

केस मात्र पूर्वींसारखे सरळ आलेले नाहींत. या औषधानंतर पुष्कळांचे पहिले केस कुरळे येतात, तसेच आमचे आले. सासूबाईंस तें पसंत नाहीं. तेल लावतांना त्या रोज बोटांनीं ते ताणून पाहतात आणि म्हणतात, "आमच्या घराण्यांत कुरळे कुणाचेच नाहीत."