उलटे वाचून पाहा

नयन, कनक, सरस असे उलटसुलट सारखेच वाचले जाणारे शब्द मुलांकडून शोधून घेण्याची मला जुनी आवड आहे. या खेळाचा उपयोग पदार्थविज्ञानात होईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आमच्या बेळगावच्या सरकारी मराठी शाळेतून विज्ञानशाखेकडे गेलेली एक विद्यार्थिनी परवा म्हणाली, ‘सर, काय शिकतेस असे आई विचारते, तेव्हा मी गप्प बसते. हे मराठीत सांगताच येत नाही.’ आई आणि लेक यांच्यामधले ते गप्प बसणे मला फार लागले. विषय विचारला, तर तो अतिसंवाहकांतून एकाच दिशेने विनारोध वाहणाऱ्या विजेचा निघाला.

1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी पारा शून्याखाली सुमारे 269 अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाला. रोध नाही म्हणजे उष्णता नाही, नासाडी नाही. परंतु हा प्रवाह डावीकडे जितका सुखाने जातो, तितकाच उजवीकडेही. याउलट रेडिओतला डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. पण तो तापतो. दोहोंचे गुण एके ठायी आणावयाचे, तर सममिती मोडावी लागते.

ती कशी मोडते, हे सांगावयास वाल्याची कथा पुरते. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ झाले! दोनच अक्षरांची माळ कोणत्याही टोकाकडून वाचा, तीच. पण ‘कमल कमल कमल’ उलटे वाचले, तर ‘लमक लमक’ होते. त्यात कमल कोठेच सापडत नाही. क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये अशीच रचना पुढे आणली. नायोबियम, व्हॅनेडियम आणि टँटलम यांचे अतिसूक्ष्म थर त्यांनी एकाच क्रमाने पुनःपुन्हा रचले. दोन धातूंनी हे साधले नसते.

एवढ्याने मात्र भागत नाही. जोडीला चुंबकीय क्षेत्र लागते, तेही प्रवाहाला आडवे. प्रत्येक अतिसंवाहकाला सोसवेल अशा प्रवाहाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की रोध परत येतो. या पटलात ती मर्यादा दोन दिशांना निरनिराळी निघाली. दोहोंच्या मधल्या मापाची वीज सोडली, की एकीकडे ती विनारोध जाते, दुसरीकडे अडखळते. क्षेत्र उलटवले की मोकळी दिशाही उलटते.

तिच्या वहीत मी फक्त ‘कमल’ लिहून दिले. बाकीचे तिने स्वतःच, घडाघडा मराठीत सांगितले.

2022 मध्ये डेल्फ्ट येथील संशोधकांनी चुंबकीय क्षेत्रावाचूनही हा एकमार्गीपणा दाखविला. नायोबियम आणि ब्रोमीन यांच्या संयुगाचा एक पातळ थर त्यांनी दोन अतिसंवाहकांमध्ये बसविला होता. थंडी मात्र तेथेही तशीच कडाक्याची लागते.