फिशपाँड

कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड पडायचे. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली – "सरकारी जावई." सगळा हॉल खो खो हसला. मीही हसलो. नसतो हसलो तर आणखी हसले असते.

अमेरिकेत असाच फिशपाँड सिनेमावाल्यांना पडतो. १९८१ साली जॉन विल्सन नावाच्या माणसानं ऑस्करच्या रात्री आपल्याच घरात दोस्त जमवले, नि वर्षातल्या सगळ्यात भिकार सिनेमाला, नटनट्यांना बक्षिसं वाटली. गोल्डन रास्पबेरी. करोडोंचा धूर करणाऱ्यांची अशी जिरवावी, मला पटतं. घ्यायला मात्र सहसा कुणी फिरकत नाही.

२००५ साली हॅली बेरी गेली. हीच ती, २००२ साली प्रमुख भूमिकेचं ऑस्कर घेणारी पहिली काळी नटी. 'कॅटवुमन'साठी तिला रास्पबेरी पडली, तर ही पठ्ठी एका हातात ऑस्कर, दुसऱ्यात रास्पबेरी घेऊन स्टेजवर उभी! स्वतःच्याच ऑस्करच्या रडण्याची नक्कल केली. हसणारे तिच्या बाजूचे झाले. १९४० साली हॅटी मॅकडॅनिएलला ऑस्कर मिळालं तेव्हा तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. हे डोक्यात ठेवून बघा गड्यांनो.

हेच फिशपाँडवाले २०२३ साली घसरले. बारा वर्षांच्या पोरीला नामांकन दिलं. बोंब झाली तेव्हा मागं घेतलं, अठराच्या आतली पोरं वगळली. थोरामोठ्यांवर उचललेला दगड पोरीवर पडला.

माझी चिठ्ठी मी फाडली नाही. खिशात घातली. अक्षर ओळखीचं होतं, शेजारच्या बाकावरचं.