काय मागायचं?

उन्हाळी कांदा चाळीत पडला, गव्हाचं काम उरकलं, की आमची मंडळी गावफेरीला निघते. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते 1831 साली. त्यांच्या फेऱ्या बैलगाडीनं, तंबू घेऊन व्हायच्या, असं आजोबा सांगायचे. पुढं नारायण वामन टिळकांनी आमच्या लोकांत कीर्तन आणि अभंग रुजवले, म्हणून पेटी, ढोलकी, झांजा घेऊन निघायची रीत पडली. आता बैलगाडी गेली, छोटा हत्ती आला. मागं सतरंजी, पेटी, पाण्याचा जार, आणि आक्कासाठी एक पाट. तो तिला गाडीत चढायला लागतो.

आक्का माझी थोरली बहीण. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि ताप उतरताना उजवा पाय घेऊन गेला. पोलिओ हा शब्द आमच्या घरात फार नंतर आला. तोवर "वारं गेलं" एवढंच. गुडघ्यावर हात टेकवून ती चालायची, तशीच खुरपायला यायची, आणि पात धरली की आमच्या पुढं असायची. मी नव्या दहावीच्या पहिल्या बॅचचा, 1975 चा. आक्का चौथीतच घरी बसली, कारण पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं होती. ओढ्याला पूल असता तर ती माझ्यापेक्षा जास्त शिकली असती, हे मी कुणापुढंही सांगेन.

दर रविवारी उपासनेत आक्काच्या पायासाठी प्रार्थना व्हायची. वर्षानुवर्षं. मनापासून व्हायची, त्यात खोट नव्हती. पण आक्का एकदा आईला म्हणाली, "माझ्या पायाची प्रार्थना लागली की सगळे माझ्या पायाकडं बघत्यात. डोळे मिटून सुदिक बघत्यात." मग ती सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसायला लागली. पाय लुगड्याखाली झाकून. एकदा जवळच्या बाजारगावात मोठा मांडव पडला होता. बाहेरून आलेला एक माणूस माइकवरून लंगड्यांना उठून चालायला सांगत होता. वडील तिला घेऊन गेले. ती चार पावलं चालली, तशी ती रोजच चालायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना एसटीत ती वडिलांना म्हणाली, "आता मला परत नेऊ नका." वडिलांनी नंतर कधी नेलं नाही.

1995 साली पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हा गावातल्या शाळेत बूथ लागायचा. आक्का आपणहून तिथं जाऊन बसायची. कुणी तिला नेमलं नव्हतं. लेकराला डोस द्यायला कां-कूं करणारी बाई आली, की आक्का फक्त लुगडं जरा वर घ्यायची आणि पाय दाखवायची. बाई मुकाट्यानं लेकराचं तोंड उघडायची. करंगळीला शाई लावायचं काम आक्कानं किती वर्षं केलं याचा हिशोब नाही. 2014 साली भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीत आभार मानले. आक्का त्या दिवशी पुढच्या रांगेत बसली होती.

तर अशी ही आक्का आमच्या गावफेरीत असते. फेरीचा नियम तिनंच घातलेला : बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि घरात गेल्यावर आधी विचारायचं, तुमच्यासाठी काय मागायचं? तरणे लोक म्हणायचे, यात विचारायचं काय? पोरगं पांगळं दिसतंय, पाय मागायचे. आक्का त्यांना बार्तीमयाची आठवण द्यायची. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. तो आंधळा आहे हे कुणालाही दिसत होतं, तरी येशूनं त्याला आधी विचारलं, तुला काय पाहिजे म्हणून. आक्काचं शास्त्र एवढंच, पण पक्कं.

काही वर्षांमागं एप्रिलात आम्ही शेवगाव-पाथर्डीकडं होतो. तिकडचे पुष्कळ लोक दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतात ती जोडप्यावर. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा, आणि उचलही तेवढीच कमी. ज्या घरात अपंग लेकरू आहे त्या घराला दर साली हाच पेच. लेकरू फडावर कोपीत न्यायचं, की म्हाताऱ्या माणसावर टाकून जायचं?

एका वस्तीवरून आजीबाईचा निरोप आला. घर आमच्या मंडळीतलं नव्हतं. नातू अकरा वर्षांचा. जन्मताना रडला नाही, तेव्हापासून हातपाय ताठ, मान धरत नाही, बोलणं नाही. पण पेटी वाजली की हसायचा, आणि असा हसायचा की मी एकच सूर पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. आईबाप अजून आले नव्हते. सहा महिने आजीच त्याचं सगळं करत होती. भरवणं, धुणं, ऊन आलं की सावलीला ओढणं.

दारात गावातले दोघेतिघे उभे होते. एकानं विचारलं, "धर्म बदलायला आलात का?" पाळकसाहेब म्हणाले, "नाही दादा. आजींनी बोलावलं म्हणून आलो." आजीच आतून ओरडली, "मी बोलावलंय! तुमी आलात का कधी त्याला उचलाया?" मग ते गप बसले. एकजण तर आत येऊन भिंतीशी बसला.

आक्कानं विचारलं, "आजी, काय मागायचं?"

आजी बराच वेळ बोलली नाही. पोराच्या तोंडाची लाळ पदरानं पुसली. म्हणाली, "देवाला म्हणा, ह्याला वाढवू नको. हाये एवढाच ऱ्हाऊ दे. माझं कंबरडं गेलंय. अजून दोन किलो वाढला तर मला उचलायचा न्हाई."

पाळकसाहेब तीस वर्षं प्रार्थना सांगतात. त्या दिवशी त्यांना शब्द सापडेना. मी पेटीच्या पट्ट्यांकडं बघत बसलो. मला एवढंच कळत होतं की ही बाई त्याला कमी जेवू घालत नसेल ना, ही शंका माझ्यासारखी आक्कालाही आली असणार. तिनं पोराचं मनगट हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, वजनाचं न्हाई मागायचं. त्यो वाढायलाच पाहिजे. आपण उचलणारे हात मागू. दोन-चार."

"कुणाचे?" आजी म्हणाली. खरंच विचारत होती.

कुणी बोललं नाही. आमचा छोटा हत्तीचा ड्रायव्हर, जो मंडळीतला नाही आणि प्रार्थना चालू असताना बाहेर बिडी ओढतो, तो दारातून म्हणाला, "माझे लिहा दोन."

प्रार्थना लहानच झाली. आजीच्या कमरेला बळ, आणि हात. पाय मागितले नाहीत. पुढं त्या घरी आमचं जाणं वाढलं. पोराला अपंगत्वाचा दाखला नव्हता. दाखला नाही म्हणून कार्ड नाही, एसटीची सवलत नाही, संजय गांधी निराधारचा अर्ज नाही. आणि आधारशिवाय पुढचं काहीच हलेना. आधारच्या मशीनवर बोटं ठेवायची तर त्याच्या मुठी उघडेनात. केंद्रावरचा पोरगा कंटाळला. आक्कानं ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत धरली, जसं थंडीत आपण हात शेकतो तशी, आणि त्याच्याशी काहीबाही बोलत राहिली. पंधरा मिनिटांनी बोटं सैल झाली. मग ड्रायव्हरनं सगळ्यांना नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेलं, डिझेलचे तेवढे घेतले. चाळीस टक्क्यांच्या पुढं अपंगत्व असलं की सवलती लागू होतात. ह्याचे तर नव्वदच्या वर निघाले. दाखल्याच्या रांगेत आजी आक्काला म्हणाली, "तुला किती मिळाले?" आक्का म्हणाली, "माझे निम्मेच." दोघी हसल्या. रांगेतल्या लोकांना काय कळेना.

मला कधीकधी वाटतं, आमच्याच लोकांना पंडिता रमाबाईंची नीट आठवण राहिली नाही. त्या 1883 साली डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण कानांनी साथ दिली नाही आणि ते राहून गेलं. पुढं त्याच बाईंनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आंधळ्यांना तिथं जागा दिली, आणि मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणलं. कुणी त्यांच्या कानांसाठी प्रार्थना केली असेलही. आक्काला हे मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कान नव्हते म्हणून आपल्याकडं आल्या. बरं झालं." मला हे पटत नाही, कान असते तरी त्यांनी केलंच असतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

दुसऱ्या साली त्या वस्तीवर गेलो तेव्हा चाकाची खुर्ची आलेली होती, पण उंबऱ्याशी अडकायची. भिंतीशी येऊन बसला होता तो माणूस गवंडी निघाला. त्यानं नि मी मिळून सिमेंटची दोन घमेली ओतून उतार केला. पोरगं वाढलं होतं, चांगलं हातभर. गालावर मास आलं होतं. आजीनं चहा ठेवला. आक्कानं नेहमीसारखं विचारलं, "आजी, या साली काय मागायचं?"

"माझं ऱ्हाऊ द्या," आजी म्हणाली. "ह्याच्या आईचं मागा. ती औंदा ह्याच्यासाठी घरी ऱ्हायची म्हणतीया. मुकादम अर्ध्या कोयत्याला उचल देईना."

पाळकसाहेबांनी टोपी काढली. ड्रायव्हर बिडी विझवून आत आला आणि विचारू लागला, मुकादम कोणत्या गावचा.