कुंथलगिरी की कुंथुगिरी?

मोटारीने तीर्थयात्रेला निघताना पूर्वी पुढच्या आसनावर वाटेची माहिती असलेला एखादा वडीलधारा बसत असे. आता ते काम काचेला चिकटवलेले वाटाडे यंत्र करते. ठाण्याच्या एका कुटुंबाने गेल्या पौषात कुंथलगिरीची यात्रा केली, तेव्हा त्यांच्या गाडीत असे दोन वाटाडे होते : दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले जीपीएस यंत्र आणि नातवाचा मोबाइल. मागे ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा अनेक वर्षांचा नियम. पौषात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पहाटे निघून दुपारी चारपर्यंत क्षेत्रावर पोहोचायचे, असा हिशेब होता.

नातवाने मोबाइलवर रोमन लिपीत पहिली चार-पाच अक्षरे लिहिली, समोर आलेल्या यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवले आणि गाडी सुरू केली. पुणे मागे पडले, खंबाटकी घाट झाला, सातारा गेले. कराडची पाटी दिसली तशा डुलकी घेत असलेल्या आजी सावरून बसल्या. ‘‘अरे, हा तर माझ्या माहेरचा रस्ता! कुंथलगिरीला इकडून कुठे?’’

मोबाइल त्यांना कुंथुगिरीला नेत होता. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात आहे. कुंथुगिरी कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगल्याजवळच्या आळत्याला. ठाण्याहून दोन्ही अंतरे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की पडद्यावरचे तास आणि किलोमीटर पाहून कोणाला शंका आली नाही. गंमत अशी, की हा घोटाळा केवळ यंत्राचा नाही. देशभूषण-कुलभूषण मुनींचे निर्वाणस्थान म्हणून आपण ज्या कुंथलगिरीला वंदन करतो, तिचा उल्लेख प्राकृत निर्वाणकांडात ‘कुंथुगिरी’ असाच आहे. आळत्याच्या क्षेत्राला मात्र हे नाव आचार्य कुंथुसागर महाराजांमुळे लाभले. त्यात भर म्हणजे आळत्याजवळच्या डोंगरात रामलिंग आहे आणि धाराशिवकडे येडशीजवळही रामलिंग आहे! खुणेसाठी शेजारचे ठिकाण शोधणाराही चकेल.

बँकेत नुसत्या नावावर कोणाच्या खात्यात रक्कम जमा होत नाही, खाते क्रमांक लागतो. वाटेच्या बाबतीतही ती शिस्त पाळावी. अक्षांश-रेखांश हा स्थळाचा खाते क्रमांकच होय. कुंथलगिरीचा अक्षांश १८ ने सुरू होतो, कुंथुगिरीचा १६ ने. निघण्यापूर्वी एवढा एक आकडा ताडून पाहिला असता तर कराड दिसलेच नसते. मॅपमायइंडियाने स्थळांना सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण देण्याची सोय केली आहे, तीही याच कामाची. किमान यादीतल्या नावाखाली बारीक अक्षरांत दिलेला जिल्हा तरी वाचावा.

कराडहून आडव्या वाटेने कुंथलगिरी गाठायची तर दिवस मावळणार हे उघड होते. मग ठरले की आज कुंथुगिरीच. सूर्यास्ताला तासाहून अधिक अवकाश असताना आजींचे भोजन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर १९६३ साली प्रतिष्ठापित झालेल्या २८ फुटी मूर्तीचे दर्शनही घडले. वाट चुकल्याचे दुःख तिथे कोणाला उरले नाही.

पुढच्या प्रवासात दोन्ही वाटाड्यांची खरी परीक्षा झाली. मिरज सोडल्यावर नव्या महामार्गाची जुन्या यंत्राला गंधवार्ता नव्हती. पडद्यावर गाडी रस्ता सोडून कोऱ्या जागेतून धावताना दिसे आणि यंत्र पुनःपुन्हा मागे वळायला सांगे. त्यात धाराशिवही नव्हते, उस्मानाबाद होते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. नकाशा अद्ययावत न केलेले यंत्र म्हणजे नोंदी न भरलेले पासबुक. मोबाइलला नवे रस्ते, नवी नावे ठाऊक होती. मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर असा लांबचा पण वेगाचा महामार्ग त्यानेच सुचवला. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी ही वाट जवळची भासते, पण गावागावांतून जाते.

दुपारच्या उन्हात मात्र काचेवरचा मोबाइल तापून बंद पडला. वर मधूनमधून नातेवाइकांचे फोन येत आणि नेमके वळणाच्या वेळी सूचना ऐकू येत नसे. महामार्ग सोडून क्षेत्राकडे वळल्यावर नेटवर्कही गेले. तेथे जुने यंत्र उपयोगी पडले. ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन स्वतःचे स्थान काढते आणि त्याचा नकाशा त्याच्याच पोटात असतो, त्यामुळे त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. मोबाइलही उपग्रहांवरूनच स्थान काढतो, पण आधी उतरवून ठेवला नसेल तर नकाशा इंटरनेटवरून मागवतो. म्हणजे घरी वायफायवर त्या पट्ट्याचा नकाशा उतरवून घेतला, तर मोबाइल पुरतो. गार्मिन, टॉमटॉम यांसारख्या यंत्रांसाठी वेगळा खर्च तेव्हाच करावा, जेव्हा वर्षातून अनेकदा लांबचा प्रवास होतो आणि त्यात भारताचा नकाशा आहे, तो नियमित सुधारून मिळणार आहे, याची खात्री होते. परदेशातून कोणी आणलेले यंत्र या कसोटीवर पुष्कळदा उतरत नाही.

उन्हे कलण्यापूर्वी कुंथलगिरीची मंदिरे दिसली. बेळगाव जिल्ह्यातील भोजचे आचार्य शांतिसागर महाराज आयुष्यभर पायी विहार करून अखेर या टेकडीवर आले आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांनी येथे समाधी साधली. आजी त्यांच्या चरणांपाशी बराच वेळ बसून होत्या.

परतीच्या दिवशी पहाटे महामार्गावर धुके होते. पडद्यावर सरळ, मोकळा, निळा रस्ता दिसत होता. नातवाने वेग घेतला होता, तोच दूरवर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एक सेवक हात हलवताना दिसला. त्याच्यामागून कडेने मुनिसंघ येत होता. हाती पिच्छी-कमंडलू, अनवाणी पावले. अशा पहाटेच विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वाहनांच्या धडका बसल्याच्या बातम्या आपल्या समाजाने कितीतरी वेळा वाचल्या आहेत. मुनिसंघ रस्त्यावर आहे, हे त्या दोहोंपैकी एकाही यंत्राने सांगितले नव्हते.

नातवाने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. आजी काठी टेकत खाली उतरल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. संघ दृष्टीआड होईपर्यंत कोणी गाडीत बसले नाही. पडद्यावरची पोहोचण्याची वेळ तेवढी मिनिटामिनिटाने पुढे सरकत होती.