उभे तास

मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला या गाडीचं दार आतून उघडता येत नसे. हँडल होतं, ओढलं की हलायचंही, पण दार ढिम्म. काचेचं बटण दाबलं तर काच जागची हलत नसे. २०१३च्या जूनमध्ये आई-अण्णांना क्लीव्हलंडच्या विमानतळावरून घरी आणलं तेव्हा मी डिकीतून बॅगा काढत होतो आणि अण्णा आत त्या हँडलाशी झटत होते. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केली. मी धावत जाऊन दार उघडलं. उतरता उतरता, धोतराचा सोगा सावरत, ते म्हणाले, "दुसऱ्याने दार उघडेपर्यंत बसून राहायचं, म्हणजे एक तर मंत्री, नाही तर आरोपी. आम्ही यातले कोण, ते सांगून ठेव."

गाडी पोलिसांची होती हे मी त्यांना फोनवर सांगितलं नव्हतं. अण्णांनी छत्तीस वर्षं वाई तालुक्यात मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून. साऱ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढले नाहीत, याचा त्यांना अभिमान होता. आता अमेरिकेत पाऊल टाकल्याच्या पहिल्याच तासात मुलाने त्यांना पोलिसांच्या गाडीत घातलं होतं, आणि तेही मागे.

ती मी घेतली त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात. शेजारच्या काउंटीच्या आवारात जुन्या सरकारी सामानाचा लिलाव होता. गवत कापायची यंत्रं, शाळेची बाकं, बर्फ लोटायचं एक भलंमोठं पातं, आणि एका रांगेत आठ पांढऱ्या गाड्या. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, पोलीस इंटरसेप्टर. अमेरिकेतला कुठलाही पोलिसांचा सिनेमा आठवा, मागून येऊन आडवी होते ती हीच. छतावरचे दिवे काढलेले, रेडिओ काढलेला, दारांवरची अक्षरं खरवडलेली. ओळीने मुंज लावल्यासारख्या दिसत होत्या. लिलाव पुकारणारा गृहस्थ लासलगावच्या कांदा बाजारात सहज खपला असता. श्वास घेतो कधी हेच कळत नव्हतं. मी कशाला हात वर केला आणि कशाला नाही याचा मलाही नीट पत्ता नव्हता. २,३५० डॉलरवर तो थांबला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मागे कोण कोण बसलं असेल?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मागची सीट काळ्या रेक्झिनची होती, पुसून घ्यायला सोपी पडावी म्हणून. पुढच्या सीटा मात्र कापडी. तिथे माणूस आठ-आठ तास बसणार. खाली गालिचा नाही, रबर. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, आपल्या जुन्या फियाट टॅक्सीसारखा. चार दिवस मी डेटॉलच्या पाण्याने फडकी बुडवून गाडी पुसली. सीटच्या खाचेत एक बटण सापडलं, एक पेनाचं टोपण, आणि भुईमुगाची दोन टरफलं. त्यावरून कुठलीच कथा रचता येईना. डॅशबोर्डवर मात्र चार भोकं होती, काही तरी यंत्र स्क्रूने घट्ट बसवलेलं असावं त्याची. त्या भोकांवर चौरंग ठेवावा तसा मी गणपती बसवला. बरोबर मावला. मराठी मंडळातल्या मित्रांनी गाडीचं बारसं केलं: पांडू. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५चा. आमच्यातल्या निम्म्यांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, पण हवालदार म्हटलं की पांडू, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

गाड्या स्वस्त मिळत होत्या त्याला कारण होतं. आदल्याच वर्षी फोर्डने हे मॉडेल बंद केलं होतं आणि पोलीस खाती एकेक करून नव्या गाड्यांकडे वळत होती. जुन्या पद्धतीची गाडी ही: खाली ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट आणि तिच्यावर ठेवलेला सांगाडा, ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. ठोकली तर ठोकून सरळ करता येते, म्हणून पोलिसांना आवडायची, आणि टॅक्सीवाल्यांनाही. पेट्रोल मात्र हत्तीसारखं प्यायची. गॅलनला सोळा-सतरा मैल.

हत्तीवरून आठवलं, आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या गाड्या बनायच्या कॅनडात, ओंटारिओतल्या सेंट थॉमसला. मी राहतो एरी तलावाच्या दक्षिणेला, ते गाव तलावाच्या उत्तर काठापासून जवळच; म्हणजे माझ्या गाडीचं माहेर पाण्यापलीकडे. त्या गावाची दुसरी ख्याती जंबो हत्तीची. बार्नमच्या सर्कशीतला तो जगप्रसिद्ध हत्ती याच गावात रेल्वे इंजिनाची धडक बसून मेला, १५ सप्टेंबर १८८५ रोजी. गावाने पुढे त्याचा मोठा पुतळा उभारला. आणि सेंट थॉमसच्या कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली तीही १५ सप्टेंबरलाच, २०११ साली. त्याच दिवशी कारखान्याला टाळं लागलं. दोन अवजड प्राणी, एक गाव, एक तारीख. याचा अर्थ काही नाही. पण अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हत्तीचं श्राद्ध घातलं म्हण ना!"

लिलावाच्या दिवशी माझ्या शेजारी एक म्हातारा मेकॅनिक उभा होता. गाड्या चालवून बघायची परवानगी नव्हती, फक्त सुरू करून इंजिनाचा आवाज ऐकायचा. मी मैलांचा आकडा बघत होतो: १,०७,४००. त्याने आत हात घालून एक बटण दोन-तीनदा दाबलं आणि आकडा बदलला. मैल नव्हेत, तास. २००६नंतरच्या पोलिसांच्या गाड्यांत ही सोय होती, माझी २००८ची. इंजिन एकूण किती तास चाललं हे त्यात कळतं, आणि त्यातले किती तास गाडी जागेवर उभी असताना चाललं, हेही. उभे तास ४,११२.

तेव्हा मी तो आकडा फक्त भाव पाडायला वापरता येईल का, एवढ्यापुरताच बघितला. नंतर मात्र तो मनात घर करून बसला. सिनेमात ही गाडी सतत धावते, टायर किंचाळतात, वळणावर कचऱ्याचे डबे उडतात. स्पीडोमीटरवर १४० मैलांपर्यंत आकडे होते. प्रत्यक्षात तिचं निम्मं आयुष्य उभं राहण्यात गेलेलं. शाळा सुटताना रस्त्याकडेला, अपघातापाशी क्रेन येईपर्यंत, बर्फात घसरलेल्या ट्रकमागे, आणि बहुतेक वेळा कशासाठीही नाही. रात्री बंद दुकानांच्या आवारात, नुसतं कुणीतरी आहे हे दिसावं म्हणून. इंजिन बंद करता येत नाही, कारण दिवे, रेडिओ, संगणक यांना वीज लागते, आणि ओहायोच्या थंडीत आतल्या माणसाला ऊब.

फोर्डचा हिशेब असा होता की एक तास उभं राहून चालणं म्हणजे इंजिनाच्या झिजेच्या भाषेत सुमारे ३३ मैल पळणं. हे ऐकल्यावर अण्णांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गुणाकार मांडला. हातचा वर लिहिण्याची त्यांची सवय तशीच होती. १,३५,६९६ मैल. मग पृथ्वीचा परीघ विचारला. मी म्हटलं, पंचवीस हजार मैल धरा. भागाकार झाला.

"जवळजवळ साडेपाच प्रदक्षिणा," ते म्हणाले, "आणि जागचं हलायचं नाही." मग डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघून, "याला बरोबर बसवलंस तू."

आईला गाडी आवडली नाही. रात्री दार उघडलं की आत दिवा लागायचा नाही, ही तिची पहिली तक्रार. पडलेली पर्स, चष्म्याचं घर, सगळं चाचपून शोधावं लागे. मला वाटलं बल्ब गेला. मग कळलं की या गाड्यांत तो मुद्दामच लागत नाही. अंधारात पोलीस दार उघडून उतरला आणि आत लख्ख उजेड पडला तर समोरच्याला नेम धरायला तो सोपा. हे आईला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "म्हणजे बिचारा रोज अंधारातच उतरायचा." त्यानंतर ती पर्स मुठीत धरूनच बसायला लागली. तक्रार मात्र पुन्हा केली नाही.

बायकोची तक्रार गंभीर होती. या मॉडेलची पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या मागे, डिकीच्या बाजूला. महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीवर मागून भरधाव गाडी आदळायची आणि टाकी फुटून आग लागायची. असे पोलीस गेले आहेत. आरडाओरडा झाल्यावर २००२मध्ये फोर्डने टाकीभोवती संरक्षक पट्ट्या बसवून द्यायला घेतलं. मी गाडीखाली सरपटत जाऊन टॉर्चने त्या पट्ट्या बघितल्या आणि तिचा हात धरून तिलाही दाखवल्या. तिने त्या बघितल्या. तरी मुलगी मागे बसलेली असताना ती गाडी कधी रस्त्याकडेला थांबू देत नसे. उभं राहण्यातच धोका असतो हे या घरात तिच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

पण पळवायची गंमत काही औरच. आय-७१वरून कोलंबसला निघालो की पुढच्या गाड्या आरशात आम्हाला बघायच्या आणि एकदम सज्जन व्हायच्या. ऐंशीवरून पासष्टवर. डावी लेन मोकळी करून द्यायच्या, सिग्नल देऊन, शिस्तीत. छतावर दिवे नाहीत, दारावर नाव नाही, चालवणारा सावळा चश्मिष्ट माणूस; पण गाडीचा तो चेहरा आरशात दिसला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. मी हसलो आणि अण्णांना म्हटलं, बघा, रुबाब!

अण्णा हसले नाहीत. ते खिडकीतून बघत होते. त्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. संध्याकाळी गावात फिरायला निघाले की एसटी स्टँडवरच्या टपरीपाशी उभी असलेली माणसं, माणसंच, मुलं नव्हेत, कुणी चाळिशीचा, कुणाच्या डोक्याला टक्कल, पटकन विडी पाठीमागे लपवतात. मी ते स्वतः पाहिलेलं आहे. अण्णा अशा वेळी मान खाली घालून झपझप पुढे जातात, त्यांना चोरट्यासारखं वाटतं.

"त्यांना सांगता येत नाही ना," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. कुणाला आणि काय, हे मी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांच्यासमोर मी कुणाच्या मागे चिकटून गाडी नेली नाही.

दारांवरची अक्षरं खरवडली होती खरी, पण ती गेली नव्हती. चार-पाच वर्षं उन्हात उभ्या गाडीचा रंग सगळीकडे विटला, अक्षरांखालचा तेवढा ताजा राहिला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर चौकोन उरतो, तसं. भर दुपारी काही दिसायचं नाही. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की त्या काउंटीचं नाव हळूहळू दारावर उगवायचं. अण्णा अंगणात खुर्ची टाकून त्याची वाट बघत. चष्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर लावत. शेवटचं अक्षर अर्धंच उमटलेलं होतं, त्याबद्दल ते हळहळत. डावीकडच्या काचेपाशी आतून फिरवायचा शोधदिवाही काउंटीने तसाच ठेवला होता. गौरी-गणपतीत परक्या उपनगरात घराचा नंबर सापडेना, तेव्हा मी तो एकदाच पेटवला. अख्ख्या गल्लीचे पडदे हलले. यजमान हात वर करून बाहेर आले नाहीत एवढंच.

मागचं दार आतून उघडेल असं मी सप्टेंबरात करून घेतलं. काम अर्ध्या तासाचं होतं, आधीच करायला हवं होतं. गंमत म्हणजे त्यानंतरही अण्णा उतरायची वेळ आली की हँडलाला हात लावत नसत. मांडीवर हात ठेवून बसून राहत आणि काचेवर टकटक करत. मीही जाऊन दार उघडायचो. "मंत्री की आरोपी?" असं विचारायचो. उत्तर रोज बदलायचं.

डिसेंबरात ते दोघं परत गेले. बर्फ पडत होता. त्यांना आत सोडून मी पार्किंगमध्ये आलो, गाडी सुरू केली आणि निघालो नाही. विमान उडाल्याचं फोनवर दिसेपर्यंत बसून राहिलो, हीटर लावून, दिवे बंद करून. बाजूने जाणारे वाकून आत बघत होते आणि पावलं आवरून चालत होते.

ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खातं. २०१९मध्ये चौकटीला मागच्या बाजूने भोक पडायला आलं तेव्हा मी गाडी सुट्या भागांसाठी एका टॅक्सीवाल्याला ९०० डॉलरला दिली. गणपती काढून घेतला, खालची चार भोकं तशीच ठेवली. किल्ली देण्याआधी ते बटण दोन-तीनदा दाबलं. उभे तास ४,३९८. त्यातले २८६ आमचे.