पेंग्विनच्या चोचीचा परवाना

डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीत प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ होऊन प्रवेश करते. संख्याशास्त्राच्या ‘आर’ भाषेतील काही पॅकेजांमध्ये प्रोग्रॅम जवळजवळ नसतोच. असतात ती केवळ कोष्टके. कंपाइल करण्याजोगे काही नाही, प्रोसेसर बदलला तरी फरक नाही. त्यामुळे या कामात नव्याने उतरणाऱ्या विद्यार्थ्याला विदासंचाचे पॅकेज हा सर्वांत सोपा आरंभ वाटतो. कोष्टक उचलायचे, गाठोडे बांधायचे आणि पाठवून द्यायचे! गाठोडे बांधायला खरोखरच अर्धा दिवस पुरतो. अडते ते पुढे.

‘पामरपेंग्विन्स’ या संचाचेच उदाहरण घेऊ. अंटार्क्टिकातील पामर केंद्राजवळच्या बेटांवर २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या तीन जातींच्या ३४४ पेंग्विनांची त्यात नोंद आहे: चोचीची लांबी, पंखाची लांबी, वजन इत्यादी. आरच्या पॅकेजात हे कोष्टक द्विमान धारिकेत, म्हणजे डोळ्यांना न वाचता येणाऱ्या रूपात साठवलेले असते. डेबियनचे वचन मात्र असे की, वापरणाऱ्याला वस्तूचे मूळ, बदलता येईल असे रूप मिळाले पाहिजे. प्रोग्रॅमचे मूळ रूप कळते. चोचीच्या लांबीचे मूळ रूप कोणते? पेंग्विनला तर पॅकेजात बसवता येत नाही. म्हणून अशी प्रत्येक धारिका कोठून आली आणि तिचे वर्णन कोठे आहे, हे पॅकेज करणाऱ्याने वेगळ्या टिपणात लिहायचे असते. या संचाच्या कर्त्यांनी कच्च्या नोंदींपासून कोष्टक घडवणारी आज्ञावलीही सोबत ठेवली आहे, त्यामुळे येथे काम सुकर होते. सर्वत्र ते भाग्य लाभत नाही.

हे टिपण कारकुनी वाटेल. पण आयरिस फुलांची कथा आठवावी. एडगर अँडरसन यांनी जमवलेली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही १५० फुलांची मापे जगभरच्या वर्गांत शिकवली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संग्रहातून पसरलेल्या प्रतीत मात्र ३५ वी आणि ३८ वी ओळ फिशर यांच्या लेखाशी जुळत नाही. तेच नाव, तीच फुले, आणि आकडे वेगळे. प्रत कोणत्या प्रतीवरून केली हे लिहून ठेवले नाही, तर अशी तफावत शोधायची तरी कशी?

दुसरा अडसर परवान्याचा. आपल्याकडे विदा हातातून हातात देण्याची परंपरा जुनी आहे. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी कोलकात्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापांचे विश्लेषण प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे सोपवले, आणि त्याच वाटेने पुढे ‘महालनोबिस अंतर’ ही संकल्पना जन्मली. तेथे तोंडी शब्द पुरेसा होता. देणारा-घेणारा समोरासमोर होते. डेबियनमधील पॅकेज अनोळखी माणसाच्या हाती जाते, तो ते बदलतो, विकतोही. म्हणून संमती लेखीच हवी. ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ ही आपल्याकडची आवडती ओळ येथे चालत नाही, कारण १९९७ पासूनच्या डेबियनच्या निकषांनुसार परवान्याने वापराच्या क्षेत्रांत भेद करता कामा नये. पेंग्विनांच्या कर्त्यांनी सारे हक्क सोडून दिले आहेत. भारत सरकारच्या खुल्या विदेसाठीही २०१७ पासून स्वतंत्र परवाना आहे आणि तो श्रेयनिर्देशाच्या अटीवर व्यावसायिक वापरालाही मुभा देतो. अडचण होते ती शोधनिबंधांना जोडलेल्या कोष्टकांची. ती सर्वांना दिसतात, उतरवूनही घेता येतात. पण ‘घ्या’ असे कोणी लिहिलेले नसते.

नवे पॅकेज डेबियनच्या रांगेत उभे राहते तेव्हा तेथील स्वयंसेवक हक्कांची नोंद वाचतात, आणि एका धारिकेचा परवाना अस्पष्ट असला तरी ते परत येऊ शकते. मग तो विद्यार्थी कोष्टकाच्या कर्त्याला पत्र लिहितो: महोदय, आपल्या मापांचा परवाना कोणता? उत्तर आले, तर एका ओळीची धारिका वाढते आणि पॅकेज पुन्हा रांगेत लागते.